दाजींचा चैनीचा कप्पा

दाजींच्या तेराव्याचं जेवण मी कर्ज काढून घातलं.

हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण ते कुठंही लिहिलं तरी तेवढंच येडेपणाचं दिसणार आहे. बुंदी होती, पुऱ्या होत्या, वांग्याची रस्साभाजी होती, मठ्ठा होता, दारात मांडव होता. आणि हे सगळं ज्यांच्या नावानं चाललं होतं ते दाजी म्हणजे अख्ख्या जन्मात कुणाकडून चहापुरता रुपया उसना न घेतलेला माणूस. त्यांना मी निरोप दिला तो माझ्या बायकोच्या पाटल्या गहाण टाकून. पंगतीतून 'घ्या, घ्या, लाजू नका' म्हणत फिरत होतो. लोकही लाजत नव्हते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. नाव नागनाथ, पण परंड्यात नागनाथ कंडक्टर म्हटल्याशिवाय कुणाच्या ध्यानात यायचं नाही. कुर्डुवाडी, बार्शी, करमाळा अशा गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. मी त्यांचा मेव्हणा दत्ता. स्टँडच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. बातमी आली तेव्हा मी एका लग्नात नवरदेवाकडची मंडळी ओळीत उभी करत होतो. फोन दाजींच्या लेकीचा, रेखाचा. तिला येडशीला दिलीय, पण बाप आजारी म्हणून ती महिनाभर माहेरीच होती. "मामा, दादा गेले," एवढंच म्हणाली. बापाला ती दादा म्हणायची. मी फोन खिशात ठेवला. समोर वीस-पंचवीस माणसं ओठ ताणून उभी. मी म्हणालो, "हसा, अजून थोडं हसा," आणि बटण दाबलं. तो फोटो नंतर बघितला. त्यात नवरदेवाचा बाप अर्धाच आलाय. फोटोत माणूस कापायची माझी सवय जुनीच, त्या दिवशी निदान कारण तरी होतं...

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी बारावी नापास व्हायच्या तयारीत होतो. भाऊजी कंडक्टर मिळाले म्हटल्यावर मला वाटलं, आपल्याला एसटीच आंदण आली. चार दोस्त गोळा केले, कुर्डुवाडीला सिनेमाला जायचं ठरवलं आणि 'आपले दाजी हैत गाडीवर' असं सांगून सगळ्यांना फुकट बसवलं. दाजी चिमटा वाजवत आले. "कुठं?" म्हणाले. मी डोळा मिचकावला. ते म्हणाले, "डोळ्यात कचरा गेला का? कुठं जायाचं ते सांग." मी हळूच म्हणालो, "दाजी, मी हाय की." त्यावर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दिसतंय मला. आमदाराला सवलत हाय, मेव्हण्याला न्हाय. आमदार हाईस का?" सिनेमाचे पैसे तिकिटात गेले. वर त्यांच्याकडं सुटे नव्हते म्हणून माझे उरलेले पैसे त्यांनी तिकिटाच्या मागं लिहून दिले. हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं: सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहितो आणि आपण ते तिकीट मुठीत धरून उतरेपर्यंत घोर लावून घेतो. पण दाजींच्या गाडीत घोर दाजींना असायचा. मधल्या थांब्यावर उतरून टपरीवर नोट मोडायचे आणि सीटपाशी येऊन पैसे हातात ठेवून तिकिटामागचा आकडा पेनानं खोडायचे. माझा आकडा खोडताना म्हणाले, "हे लिहिलं की म्या तुझा देणेकरी झालो. गाडी थांबायच्या आत फिटलं पायजे. तू उतरल्यावर तुला कुठं हुडकू?"

मला तेव्हा ते चिकटपणाचं वाटलं. मलाच काय, गावालाही. 'चिकट कंडक्टर' हे त्यांचं दुसरं नाव. हॉटेलात चौघांच्या घोळक्यात बसून चहा पाजणं त्यांना जमायचं नाही, लग्नात ऐपतीबाहेर आहेर नाही, किराणा दुकानात खातं नाही. मी मात्र दिलदार. माझी दिलदारी सगळी दुसऱ्याच्या पैशावर होती ही गोष्ट वेगळी.

त्या दिलदारीचं टोक म्हणजे ड्रोन. आता लग्नं आकाशातून काढावी लागतात, असं मला सोलापूरच्या एका दुकानदारानं सांगितलं, आणि दुकानदाराचं मी कायम ऐकत आलोय. जवळ पैसे नव्हते. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पाटल्या होत्या. तिच्या आईनं मरताना स्वतःच्या हातातल्या काढून तिच्या हातात घातलेल्या. "दोन महिन्यांत आणतो," म्हणून त्या गहाण टाकल्या आणि उरलेल्या पैशाचे हप्ते बांधले. तिसऱ्याच कामाला एका जोडप्याला लग्नाआधीचे फोटो किल्ल्यावर पाहिजे होते. मी ड्रोन उडवला. तो छान वर गेला, बुरुजावर आदळला आणि खंदकात पडला. तिथं उडवायला परवानगी लागते हे मला ड्रोन पडल्यावर कळलं. नवरी हसली, नवरदेव हसला, मीही हसलो, कारण पहिला हप्ता अजून महिनाभर लांब होता.

पुढं पावसाळा आला. चार महिने लग्नं नाहीत, हप्ता मात्र दर महिन्याला मुहूर्त न बघता यायचा. तो भरायला भिशी पहिल्याच फेरीला उचलली. भिशी भरायला किराणा उधार. आणि किराणेवाला दारात आला तेव्हा मोबाइलवरच्या एका ॲपवरून बसल्या जागी कर्ज घेतलं. आधार कार्डाचा फोटो मीच काढला, चांगला आला होता. ते थकल्यावर त्या ॲपच्या लोकांनी माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन लावले. आता फोटोग्राफरच्या फोनमध्ये कोण असतं? पंधरा वर्षांतले सगळे नवरदेव. भूम, वाशी, करमाळा, सगळीकडच्या सुखी संसारांत 'दत्ता फोटोवाला चोर आहे' असा निरोप पोचला. एक जण काळजीनं विचारत होता, "दत्ताभाऊ, आमच्या अल्बमचे पैसे आमी पूर्ण दिले व्हते ना?" सुनंदा त्या आठवड्यात घराबाहेर पडली नाही. मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून आत बसायचो. एकदा छताच्या हुकाकडं बघत बसलो होतो... त्याला पडदा अडकवायचा होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

तो फोन दाजींनाही गेला होता. ड्यूटी संपवून खाकी कपड्यातच ते शटरखालून वाकून आत आले. हुकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्टुलावर बसले.

"दत्तोबा, खिशात किती?"

"असतील शंभरेक."

"असतील न्हाय. काढ."

निघाले चाळीस. दाजी म्हणाले, "गाडीवर चढायच्या आधी आमाला लिहून द्यावं लागतं, खिशात स्वतःचे किती ते. मधी तपासणीस चढला अन् जास्त निघाले तर तिकिटाचे खाल्ले म्हणत्यात. म्हणून रोज सकाळी मला ठावं असतं माझं किती अन् दुसऱ्याचं किती. तुला हाय ठावं?" मला नव्हतं. त्या दिवशी बसून सगळं देणं एकेक करून वदवून घेतलं. मी मधेच एक विसरलो तर म्हणाले, "खोटं बोलू नको, तुझ्या तोंडाचा फोटो काढून बघ." मला आशा होती की दाजी आता पैसे काढतील. त्यांच्याकडं होते. त्यांनी रुपयासुद्धा दिला नाही. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाले, "म्या दिले तर तू माझा देणेकरी. मंग बहिणीच्या घरी जेवाया येताना मान खाली घालून येशील. त्यापरीस दर बाजारच्या दिवशी ये. बसू, मोजू."

दाजींकडं एक चामडी पिशवी होती, कंडक्टरची असते तशीच, पण स्वतःच्या पैशानं मोच्याकडून शिवून घेतलेली. आक्काच्या घरात दाराजवळच्या खुंटीला ती असायची. चार कप्पे. त्यांनी मला नेमून दिले: घर, देणं, पावसाळा आणि चैन. आठवड्याचा गल्ला न्यायचा, तो त्यांच्यापुढं ओतायचा. लग्नाचे दिवस असले की पावसाळ्याच्या कप्प्यात आधी पैसे जायचे, मग बाकीचं. "तुझं पीक उन्हाळ्यात येतं, खायाचं पावसाळ्यात असतं," म्हणायचे. ॲपवाल्यांचं आधी फेडलं, कारण त्यांचं व्याज सगळ्यात वांड होतं. दुसरा कॅमेरा विकला. किराणा रोख, तोही यादी करून. रोख नसेल तेवढा माल नाही. सुनंदाला नोटा हातातून जाताना दिसायला लागल्या तशी ती माझ्यापेक्षा आधी शहाणी झाली. नवीन उधारी शून्य. हे सगळं ऐकायला सोपं आहे. करताना मात्र मी दर आठवड्याला कुणाला तरी शिव्या देत होतो, बहुतेक दाजींना.

मोजताना माझं कधीच बरोबर यायचं नाही. मी सांगायचो एक, निघायचे कमी. दाजी बोट ओलं करून परत मोजायचे आणि म्हणायचे, "फोटोत माणसं धरतो तशाच नोटा धरतो गा तू. कडंची एक कायम बाहेर."

चैनीच्या कप्प्यावरून आमचं पहिल्याच दिवशी वाजलं होतं. "एवढं देणं बोकांडी असताना चैन कशाची, दाजी?" मी म्हणालो, शहाणपणा दाखवायची ती एकच संधी होती. ते म्हणाले, "चैनीला जागा न्हाय ठिवली तर ती दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालती." त्या कप्प्यात मी थोडे टाकायचो, ते थोडे टाकायचे. मोजणी झाली की त्यातून स्टँडवरच्या हॉटेलातली जिलेबी यायची, कागदात बांधलेली, गरम. चिकट म्हणून गाजलेला हा माणूस जिलेबी खाताना डोळे मिटायचा. बोटं चाटायचा. आक्का म्हणायची, "कागद तेवढा ठिवा." देणं फेडायच्या त्या सगळ्या काळात हसल्याचं मला आठवतं ते एवढ्या वेळापुरतं.

तिसऱ्या वर्षी पाटल्या सुटल्या. सुनंदानं त्या दुकानातच हातात घातल्या आणि घरी येईपर्यंत पदर हातावर ओढून बसली. त्या दिवशी दाजींनी जिलेबी जास्त आणली. आणायच्या आधी कप्प्यात बोटं घालून पुरतात का बघितलं, मग आणली. मी सुटलो. 'आता मला जमतंय,' म्हणून पुढं पैसे न्यायचे बंद केले. फक्त जिलेबीपुरतं जायचो... आता कळतं, जमत मला नव्हतंच. जमत होतं ते दाजींना, माझ्या हातानं.

नोकरीतून सुटल्यावर वर्षभरातच एका बाजारच्या दिवशी दाजी म्हणाले, "आज जिलेबी लई कडक केली रे त्यानं." जिलेबी नेहमीसारखीच होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती चहात बुडवून खाल्ली. त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसती हातात धरून बसले आणि मला देऊन टाकली. मी खाल्ली. मला वाटलं, दाजींचं मन भरलं असेल. बार्शीला दाखवलं तेव्हा अन्ननलिकेत गाठ निघाली. तंबाखू नाही, बिडी नाही, काही नाही. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक व्यसनाला आक्का 'न्हाय' म्हणत होती, आणि दर 'न्हाय'ला तिचा आवाज बारीक होत होता.

दुखण्यासाठी दाजींनी पहिल्या पगारापासून बाजूला काढलं होतं. सरकारी योजनेत बसलं तेवढं बसलं, उरलेलं त्यातून भागलं. औषधं, गाडीभाडं, सलाइन, आक्काचं दवाखान्यातलं खाणं, सगळं. ज्या दिवसासाठी माणूस पैसे ठेवतो तो दिवस खरंच आला आणि पैसे जागेवर होते, असं मी माझ्या माहितीत पहिल्यांदा बघत होतो. पण पैशाला तळ असतो. सोलापूरला एका मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि खर्च सांगितला. आक्काचं घर विकूनही पुरला नसता. फरक पडेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." खोटं बोलले नाहीत, त्यांना बोल लावता येत नाही.

व्हरांड्यात बाकड्यावर दाजी बसले होते. आवाज जवळजवळ गेलेला. ज्या माणसानं आयुष्यभर थांब्यांची नावं पुकारली त्याचं बोलणं ऐकायला तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. मी म्हणालो, "दाजी, म्या बघतो. कर्ज काढतो. स्टुडिओ हाय, पाटल्या हैत, फेडू नंतर." मला वाटत होतं, माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच एखाद्या बऱ्या कारणासाठी कर्ज काढतोय.

त्यांनी मला वाकायची खूण केली. मग म्हणाले, "माझा थांबा आला गा. अन् तू पुढचं तिकीट काढतो व्हय?"

"असं कसं बोलता?"

"मी उतरून जाईन. बाकी कुणाच्या तिकिटामागं ऱ्हाईल? तुझ्या बहिणीच्या." दम लागला म्हणून थांबले. "तिला पेन्शन किती, तुला ठावं हाय. तेवढ्यात ती जेवण करंल का हप्ता भरंल?"

मी भांडलो. 'पैसा म्हणजे सगळं नाही' वगैरे, कर्जबाजारी माणसाला येतात तेवढी सगळी वाक्यं म्हणून झाली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही, पण हो म्हणाले नाहीत. तिथून घरी आणलं. ते बरोबर होते का? मला अजून ठरवता येत नाही. ऑपरेशन झालं असतं तर कदाचित आज असते. कदाचित ऑपरेशनातच गेले असते आणि आक्का या वयात कुणाच्या तरी घरी भांडी घासत असती. रात्री अंथरुणात कधी मी एक बाजू घेतो, कधी दुसरी. दोन्हीकडून हरतो.

घरी आल्यावर आधी पेज, मग नुसतं पाणी, मग तेही चमच्यानं. पण बाजारच्या दिवशी मी गेलो की ते खुंटीकडं बोट करायचे. मी पिशवी काढून द्यायचो. उशीखालून ठरलेले पैसे काढून ते चैनीच्या कप्प्यात टाकायचे आणि माझ्याकडं बघायचे. मग मीही टाकायचो. एकदा न राहवून म्हणालो, "दाजी, आता कशाला?" ओठ हलले. कान लावला. म्हणाले, "गिळता यायला लागलं तर? तव्हा कुणाकडं मागू?"

शेवटच्या दिवसांत त्यांनी आक्काला आणि मला बसवून सांगितलं होतं. तेरावं घरच्या घरी करायचं. लेक, जावई, पुतणे, खांदा देणारे चौघं. पिठलं-भात. त्यापुरते पैसे घराच्या कप्प्यात आहेत. गावजेवण नाही. मी मान हलवली होती. माझी मान फार सैल आहे.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागत होता. उन्हात माणसं ताटकळली. तेव्हा भावकीतले एक म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, मागून म्हणाले, "कावळा तरी कसा शिवंल? जन्मात कुणाला घोटभर च्या पाजला न्हाय. आता तेराव्याला तरी माणसं जेवू घालता का तव्हाबी कुलूपच?" दोघं-तिघं हसले. फार मोठ्यानं नाही, नदीवर हसतात तेवढंच. माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी वळून म्हणालो, "तात्या, घरी चूल पेटवू नका त्या दिवशी. सगळा गाव जेवल."

आक्का बायकांत बसली होती, तिला ऐकू गेलं नाही. मी तिला विचारलंही नाही. घरी येऊन सुनंदापुढं हात पसरला. तिला वाटलं, मला पाणी पाहिजे. मग तिला कळलं. पाटल्या लवकर निघेनात, साबण लावून काढाव्या लागल्या. काढून देताना ती म्हणाली, "द्या टाकून. पण यावेळी सोडवायला दाजी न्हाईत, एवढं ध्यानात ठिवा."

तेराव्याला दारात मांडव पडला तेव्हा आक्का बाहेर आली. आचाऱ्याच्या कढया बघितल्या, बुंदीचा ढीग बघितला, खुर्च्या बघितल्या. सुनंदाच्या हातांकडं बघितलं. तिथं काचेच्या बांगड्या होत्या. मी म्हणालो, "आक्का, दाजींना चिकट म्हणत होते सगळे. आज बघ." आक्का म्हणाली, "तेरावं त्यांचं हाय का वरात तुझी?" आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. आतल्या चुलीवर तिनं पिठलं-भात केला. खांदा देणाऱ्या चौघांना, लेकीला, जावयाला, पुतण्यांना आतच वाढलं. दाजींचं तेरावं आत झालं. बाहेर झालं ते माझं. तात्यांनी दोनदा बुंदी घेतली आणि हात धुताना म्हणाले, "मठ्ठ्यात मीठ कमी व्हतं."

जित्या माणसानं मला स्वतःच्या जिवासाठीसुद्धा कर्ज काढू दिलं नाही. मेलेल्या माणसाला विचारावं लागत नाही, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर आक्का माझ्याशी बोलायची थांबली. मी जायचो. ती दार उघडायची, पाण्याचा तांब्या पुढं ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. रेखा येडशीला परत गेल्यावर त्या घरात आवाज असा उरला नाही. मी खुर्चीत बसून खुंटीवरच्या पिशवीकडं बघायचो आणि उठून यायचो. आई-वडील गेल्यावर मला रागवायला दोनच माणसं होती. एक गेलं आणि दुसऱ्यानं तोंड फिरवलं. भाकरी थापताना सुनंदाचे हात मोकळे दिसायचे, मी दुसरीकडं बघायचो. गहाणाचं व्याज चालू होतं, आणि पुढं आषाढ दिसत होता.

गेल्या बाजारच्या दिवशी स्टुडिओचा आठवड्याचा गल्ला रुमालात बांधला आणि आक्काकडं गेलो. दुपार होती. तिनं दार उघडलं, तांब्या ठेवला, आत गेली. मी खुंटीवरून पिशवी काढली. चामडं वाळून कडक झालं होतं. पावसाळ्याच्या कप्प्यात आधी टाकले. मग देण्याच्या कप्प्यात. घराच्या कप्प्यात तेराव्यातून उरलेली चिल्लर होती. चैनीच्या कप्प्यात बोटं घातली तर ती आत जाईनात. नोटा गच्च भरलेल्या... गिळणं बंद झाल्यापासूनच्या. त्यांच्या नोटा नीट चार घड्या घातलेल्या, माझ्या चुरगळलेल्या, एकमेकांत बसून गेलेल्या. एवढ्या दिवसांची न खाल्लेली जिलेबी. बाहेर स्टँडवर गाडीचा कंडक्टर कुर्डुवाडी, कुर्डुवाडी म्हणून ओरडत होता. मी तो कप्पा तसाच मिटला, पिशवी खुंटीला अडकवली आणि जायला निघालो.

आक्का दारात उभी होती. माझ्याकडं न बघता तिनं पिशवी काढली, जमिनीवर बसली, चैनीचा कप्पा सोडून बाकीचं पदरात ओतलं. जिभेला बोट लावून मोजायला लागली. हे तिनं कधी शिकून घेतलं, मला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नसतानाच मी सांगितलं की आठवड्याचे एवढे आहेत, नीट मोजून आणलेत. ती पहिल्यापासून परत मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं एकेक कप्पा भरला, बंद लावला आणि इतक्या आठवड्यांनी तोंड उघडलं.

"वीस कमी हायत. ते होते तव्हाबी तुला मोजता येत नव्हतं, अन् गाव जेवाया बोलावतो."